चाळीस यंत्रं आणि माईचं कार्ड

मंजूर विक्री एक, नामंजूर चाळीस.

जिल्देतीने मोबाइलची काच झग्याच्या टोकाने पुसली, डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. आकडे जागचे हलले नव्हते. खाली लाल अक्षरांत ‘अवैध खरेदी, नियम पाहा’ असं लिहिलं होतं. नियम एकतीस पानांचे होते, त्यामुळे ते तिने पाहिले नाहीत.

गेल्या महिन्यापर्यंत ती थोरल्या भावाच्या, अदेल्मोच्या, मटणाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. तिथल्या गारठ्याने गुडघे धरले, तेव्हा तिने काम सोडलं आणि कणसं किसायच्या विजेच्या यंत्राचे व्हिडिओ करायला घेतले. तिने पाठवलेली लिंक दाबून कुणी यंत्र घेतलं की कंपनी तिला कमिशन देणार. जूनमधल्या साओ जोआंवच्या सणापर्यंतच्या चाळीस विक्री मंजूर झाल्या, तर पक्की नेमणूक आणि दरमहा ठरलेला पगार. नाहीतर अदेल्मो होताच. तिचा एप्रन त्याने खिळ्याला तसाच टांगून ठेवला होता आणि येताजाता सांगायचा, “घाई नाही गं. सण झाला की ये.”

आता जून महिना, गाव ब्राझीलमधलं कारुआरू. या दिवसांत इथे घरोघर कणसं किसतात, तो कीस सालींत बांधून पामोन्या उकडतात आणि आया-आज्या बोटं सोलून घेतात. यंत्र खपणार नाही तर काय! एक्केचाळीस खपलीही होती. मग कमिशन गेलं कुठे?

“चोरलं!” जिल्देती म्हणाली. लिंकच्या शेवटी विकणारीच्या नावाचं शेपूट असतं. ते कापून आपलं जोडलं की कमिशन आपलं, एवढं तिला लिंका वाटणाऱ्या बाहेरच्या बायकांकडून कळलं होतं. आणि गल्लीत लिंका वाटणारी दुसरी बाई एकच होती, समोरची जुसारा.

जिल्देतीने आधी लिंकला आखूड नाव घेतलं, म्हणजे शेपूटच दिसू नये. एवढ्याने जीव शांत होईना, तेव्हा तिने एक व्हिडिओ केला. “माझ्या लिंकचं शेपूट कापणाऱ्या बाईला मी ओळखते! नाव घेणार नाही. पण तिच्या दारात निळं मडकं आहे!” आणि पुरावा म्हणून खिडकीतून ते मडकंही दाखवलं. निळं मडकं अख्ख्या गल्लीत एकच.

दुसऱ्या दिवसापासून जुसाराने बोलणं टाकलं. तेही चाललं असतं, पण सणाची कणसं दरवर्षी तिच्याच नवऱ्याच्या शेतातून येत. यंदा टेम्पो आला, जुसाराच्या दारात रिकामा झाला आणि तिने फाटक लावून घेतलं. गल्लीत चाळीस यंत्रं आणि कणीस एक नाही, अशी तऱ्हा झाली.

सणाला दोन दिवस उरले असताना कुरिअरवाला जिल्देतीला रस्त्यात भेटला.

“तुमच्या आईला सांगा, आता मला पाठीचा पट्टा घेऊन द्या म्हणावं.”

“का रे बाबा?”

“चाळीस खोकी वाहिली महिन्यात! दुकान काढतायत का दोना नेविन्या?”

जिल्देती तशीच माईच्या घरी धावली. दोना नेविन्या ओसरीत पाय पसरून कॉफी पीत बसल्या होत्या.

“माई, चाळीस यंत्रं तू घेतलीस?”

“अगं, माझ्यासाठी एकच. बाकीची गल्लीची. कुणाचं कार्ड चालतं इथे? सगळ्यांची माझ्याच कार्डावर घेतली. महिन्याच्या महिन्याला देतात बिचाऱ्या.”

“आणि लिंक?”

“तुझीच!” माईंनी छाती पुढे काढली. “तुझं कमिशन कुणी पळवू नये म्हणून एकीलाही स्वतः दाबू दिली नाही. चाळीसही वेळा मीच दाबली. हे बोट बघ!”

जिल्देती मटकन खाली बसली. खातं उघडताना तिने पत्ता माईचा दिला होता, कारण कुरिअरवाल्याला तोच सापडतो. म्हणजे कंपनीच्या लेखी एका बाईने आपल्याच लिंकवरून, आपल्याच घरी, एकाच कार्डावर चाळीस यंत्रं मागवली होती. कमिशनसाठी केलेला असला उघडा बनाव कंपनीने तोवर पाहिला नसेल.

“मग ते मंजूर झालेलं एक कुणाचं?” ती पुटपुटली.

“माझं कार्ड न मागणारी एकच आहे,” माई म्हणाल्या. “जुसारा. तिचं स्वतःचं आहे.”

जिल्देतीचं तोंड एवढंसं झालं. ती रस्ता ओलांडून गेली आणि निळ्या मडक्याशी उभी राहिली. आयुष्यात तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“चुकले गं,” ती म्हणाली. “पण तू माझ्या लिंकवरून कशाला घेतलंस? तुझी होती की!”

“आपल्याच लिंकवरून घेतलं तर कमिशन मिळत नाही, बाई. नियमांचं पहिलंच पान! म्हटलं, वाया जाण्यापेक्षा तुला मिळू दे. आणि तू मला चोर ठरवलंस, तेही माझ्या मडक्यासकट!”

“मग ओरडायचंस तरी!”

“ओरडणारच होते. पण त्या व्हिडिओनंतर अकरा जणी मडकं कुठे मिळतं विचारायला आल्या. मडक्याची लिंक पाठवली सगळ्यांना.” जुसाराला हसू आवरेना. “चल, एकतीस पानं आपण दोघी वाचू.”

सव्विसाव्या पानावर तोड निघाली: यंत्र खरोखर वेगवेगळ्या घरी गेल्याचा पुरावा द्या. सणाच्या संध्याकाळी जुसाराने फाटक उघडलं. सणाला पेटवतात त्या होळीभोवती चाळीस बाया आपापलं यंत्र आणि घराचा नंबर घेऊन उभ्या राहिल्या, सगळ्यांनी मिळून टेम्पोभर कणसं किसली, आणि जिल्देतीने एकेकीचा व्हिडिओ कंपनीला धाडला. गल्लीतला फ्यूज तीनदा उडाला.

चार दिवसांनी सगळी जुसाराच्या दारात बसली असताना उत्तर आलं. अदेल्मो तेव्हा एप्रन धुऊन, घडी घालून घेऊनच आला होता. जिल्देतीने मोठ्याने वाचलं, “एकोणचाळीस मंजूर. एक नामंजूर, कारण खरेदीदार विक्रेतीच्याच पत्त्यावर राहते.”

“म्हणजे माझंच!” माई कळवळल्या. “माझ्या एकामुळे गेलं का गं सगळं?”

“एकोणचाळीस,” अदेल्मो समाधानाने म्हणाला आणि एप्रन पुढे केला.

“आणि माझं एक,” जुसारा शांतपणे म्हणाली. “चाळीस.”

जिल्देतीने तिला गच्च मिठी मारली आणि दोघी रडल्या. अदेल्मोने एप्रन स्वतःच बांधला आणि दुकानाकडे निघाला.

माईंनी डोळे पुसले. “जुसारा, पोरी, तुझे उपकार कसे फेडू? आता तुझ्या लिंकवरून गल्लीभर मडकी घेऊया. माझं कार्ड आहेच!”

“नको!” दोघी एकदम ओरडल्या. जुसाराने आपला मोबाइल निळ्या मडक्यात टाकला आणि त्यावर बसली.