धाकूतात्याची नीळ

लोक सदऱ्याला नीळ घालतात, आमचा धाकूतात्या गवताला घालायचा. कशेळे गावच्या दुकानात त्याने नीळ मागितली की दुकानदार विचारायचा, "तात्या, एकट्याचे कपडे किती रं तुझे?"

"माझे नाय. बापूशेठच्या बांधाचे."

बापूशेठ म्हणजे आमच्या वस्तीला लागून असलेल्या भातखाचरांचा मालक. तात्या त्याच्याकडे पाठीवर पंप घेऊन तणाचं औषध मारायचा. टाकीत औषध आणि औषधात फडक्यातून गाळलेली नीळ. तात्या पुढे गेला की मागे बांध निळा. तात्याही निळा. हात, धोतर, मिशीचं एक टोक.

हसायचं तेवढं हसून घ्या, मग ऐका. पावसाळ्यात त्या बांधावर टाकळा उगवतो. शेठच्या भाषेत ते तण. आमच्या बायांच्या भाषेत ती भाजी. औषध मारलेला टाकळाही आधी हिरवागारच दिसतो, आणि बाया ओटी भरून खुडून नेतात. औषध विकणाऱ्याने त्यांना काही सांगितलं नाही, विकत घेणाऱ्यानेही नाही. सांगायचा तो एकटा तात्या, आणि त्याची सांगायची रीत अशी: "ए भवाने, निळं दिसत नाय? डोळे काय घरी ठेवून आलीस?"

आधी त्याने दुसरे रंगही करून बघितले होते. गुलाल टाकला तर लोक विचारू लागले, कोण निवडून आलं? कुंकू टाकलं तर करणी समजून बायांनी ती वाटच सोडली.

"मग जमलंच की," मी म्हणालो.

"शेठपण घाबरला ना रं! कामावरनं हाकलत होता मला."

नीळ मात्र शेठला वेगळीच झोंबली. आमच्या वस्तीवर निळा झेंडा आहे, हे तो कधी विसरत नसे. मुंबईच्या पाहुण्यांदेखत तो ओरडला, "धाकू, माझ्या बांधावर तुमचा झेंडा लावतोस?"

"झेंडा नाय शेठ, टाकळा हाय."

"रंगाशिवाय मार. नाहीतर पंप खाली ठेव."

"ठेवला तर दुसरा कोणीतरी उचलंल, बिनरंगाचा मारंल. म्हणून ठेवत नाय."

शेठने पंप काढून घेतला.

आम्ही पोरांनी पत्रक काढलं. 'विषारी फवारणीचा जाहीर निषेध!' मथळा माझा, आणि मला तो आजही बरा वाटतो. तात्याने पत्रक उलटंपालटं करून बघितलं. "चांगलं हाय. पण टाकळ्यावर चिकटंल का?"

दुसऱ्या दिवशी शेठचा नवा गडी बिनरंगाचा फवारा मारत निघाला. त्याच्यामागे तात्या, एका हातात निळीची बादली, दुसऱ्या हातात केरसुणी. गडी फवारतोय, तात्या शिंपतोय आणि शेठ बांधावर नाचतोय, "पोलीस बोलावीन!"

"बोलव! त्यांनापण सांगतो, हितली भाजी खाऊ नका!"

आम्ही रस्त्यावर घोषणा देत होतो. तात्या आमच्यावरच खेकसला, "बोंबलता काय रं? बादल्या आणा!"

आणल्या. पुन्हा वेळ आली तर पुन्हा आणू. बांध शेठचा असेल, आमच्या बायांची पोटं त्याच्या बापाची नाहीत.

दुपारी पाऊस कोसळला आणि सगळी नीळ वाहून गेली. संध्याकाळी तात्या भिजलेल्या धोतरानेच वस्तीत दारोदार फिरू लागला. "काय रांधलंस गं?" विचारायचं, झाकण उचलून बघायचं आणि पुढचं दार गाठायचं.

"म्हातारा भुकेला गं!" बाया हसत होत्या. एका घरी मात्र टाकळा शिजत होता, बांधावरून नुकताच आणलेला. तात्याने पातेलंच उचलून उकिरड्यावर उपडं केलं. मग कुणी हसलं नाही.

शेवटचं घर माझ्या मावशीचं. तिथेही त्याने झाकण उचललं. मावशी म्हणाली, "सगळ्यांच्या चुली बघितल्यास तात्या. तुझ्या घरी काय रांधलंय?"

तात्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. झाकण पातेल्यावर परत ठेवून तो दाराकडे वळला.

मावशीने भाकरीची ताटली पुढे सरकवली. "बस. सुकट हाय, टाकळा नाय."

"बघू," असं म्हणत तात्या खाली बसला.