सेतुमामांचा वळू

शेजारच्या सेतुमामांच्या पाकिटात वळूचा फोटो असतो. नोकरीसाठी इकडे दक्षिणेत, पेरुंगुडीच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी तो काढला. ‘आमचा रंगा!’ माझी बायको अनघा सवयीने ‘कित्ती गोड’ म्हणून गेली आणि मग तिला शिंगं दिसली.

मामा तंजावरकडचे मराठी. सगळी नोकरी जनावरांच्या प्रयोगशाळेत गेली. वळूच्या रक्ताच्या थेंबातून जनुकांमधल्या बारीक खुणा वाचायच्या आणि त्याच्यापासून गाई गाभण राहतील का, याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. ‘भविष्य नोहे पा, अंदाज!’ हेही लगेच बजावतात.

नोकरीतली ती पारखी नजर अजून सुटलेली नाही. शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला व्यायामशाळेच्या फलकावर एक पिळदार तरुण दंड फुगवून उभा आहे. मामा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘दिसण्यावर जाऊं नका. रक्त पाहावें लागेल.’

निवृत्तीनंतरही शेतकऱ्यांचे फोन येतात. मामा आधी तमिळमध्ये ओरडतात, आणि फोन ठेवला की आमच्यासाठी मराठीत पुन्हा ओरडतात. ‘गाय गाभण राहीना म्हणून विकतो म्हणे! अय्यो, गाईस कां दोष? पहिलें वळूस तपासा!’ एरवी मुंगीलाही वाट देणारा हा माणूस या एका वाक्यावर असा भडकतो. मला याचं भारी कुतूहल होतं. मामींना विचारलं, तर त्या कॉफी आणायला आत गेल्या.

अनघाला सातवा महिना लागला. आमचं इथे कोणी नाही, म्हणून मामींनी स्वतःच्या घरात तिचं वळैकाप्पू मांडलं. गर्भारणीच्या हातात बायकांनी काचेच्या बांगड्या भरायच्या, अशी इथली रीत. अनघा पाटावर बसली आणि म्हणाली, ‘पहिली बांगडी मामींची.’

मामींनी हात पुढे केला, तोच मामांची थोरली बहीण, तांबरमहून आलेली अक्का, म्हणाली, ‘तुळजा, तूं नको. लेकुरवाळीस भरूं दे.’

मामी सवयीने मागे सरकल्या. ती सवय पाहून मला फार वाईट वाटलं. अनघाने हात मागे घेतला.

दारात पाहुण्यांना चंदन लावत उभे असलेले मामा वाटी घेऊनच आत आले. ‘अक्का, गाईस दोष देऊं नको.’

‘आतां गाय कुठून आली, सेतू?’

‘वळूस तपासलेलें आहे. मीच तो. लग्नाच्या चौथ्या वर्षीं डॉक्टरानें सांगितलें, दोष माझा. हीस ठाऊक होतें. तुम्ही सगळीं हीस बोललांत, मी ऐकत राहिलों.’

अक्काने मान खाली घातली आणि बांगड्यांचं ताट मामींकडे सरकवलं.

मामींनी मामांच्या हातातली वाटी काढून खाली ठेवली.

‘इतकीं वर्षें फोनवर शेतकऱ्यांसच सांगत होतांत,’ त्या हळूच म्हणाल्या, आणि एक हिरवी बांगडी उचलून अनघाचा हात हातात घेतला.