नाव न घेता केलेली प्रार्थना

यापुढे मोघम प्रार्थना करायची नाही, असं उदय साळवेने एका सकाळी दात घासता घासता ठरवलं. उदयचे बहुतेक निर्णय असे बेसिनपाशी होत, आणि ते निस्तरायला सहसा दुसरंच कोणीतरी लागे.

उदय भोपाळच्या कॉलेजांमधून ख्रिस्ती विद्यार्थ्यांत सेवा करायचा. म्हणजे होस्टेलवर बायबलचा अभ्यास घ्यायचा, परीक्षेला घाबरलेल्यांना धीर द्यायचा, प्रेमात पडलेल्यांना सबुरीचा सल्ला द्यायचा आणि या सगळ्यापायी कॅन्टीनमध्ये बेसुमार चहा प्यायचा. हे काम नेमकं काय आहे, हे त्याच्या नगरच्या सासऱ्यांना लग्नानंतरही उमगलेलं नव्हतं. "पण ऑफिस कुठे आहे?" असं ते दर खेपेला विचारत. ऑफिस म्हणजे मोपेड. घर मात्र पक्कं होतं, कारण ते त्याच्या बायकोला मिळालेलं होतं. कांचन कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. टाऊनशिपमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर तिचं, आणि दारावरच्या पाटीवर नावही तिचं एकटीचं. ("पाटीवर जागा नाही," असं ती सांगे. पाटी चांगली हातभर लांब होती.)

"आपण मागतो काय?" तोंडातला फेस न थुंकताच उदय म्हणाला. "प्रभू, सर्वांचं भलं कर! सर्वांचं म्हणजे कोणाचं? भलं म्हणजे काय? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणतो का आपण? कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, सगळं नीट सांगतो. प्रार्थनाही तशी नेमकी पाहिजे."

"डॉक्टरला सांगताना दार लावून घेतात," कांचन डबा भरता भरता म्हणाली.

हे वाक्य त्याने कान देऊन ऐकलं असतं, तर बरंच काही टळलं असतं. पण उदयचं लक्ष आपल्याच दृष्टांतावर होतं. तो त्याला फार आवडला होता.

त्याच दिवशी दुपारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये अनंत भिंगारदिवे त्याच्यासमोर येऊन बसला. अनंत इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. वडील कारखान्यात फोरमन. तरुणपणी नगरहून इथे आलेले, कामात सुतभर फरक खपवून न घेणारे. ज्या साहेबांना आयुष्यभर सलाम ठोकला, त्यांच्या खुर्चीत आपला पोरगा बसलेला बघायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी बाळगली होती आणि ती ते येताजाता सर्वांना सांगत.

"भैया, मी पेपर दिले नाहीत," अनंत म्हणाला.

"कुठला पेपर?"

"एकही नाही."

"मग गेला होतास कुठे?"

"करोंदला. पहिल्या पेपरच्या दिवशी मंडीतल्या शेठच्या मुलाची वरात होती. मग पुढचेही राहिले." अनंतने इकडेतिकडे पाहिलं. "मी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो भैया. लाल कोट असतो. खांद्यांवर सोनेरी झालर."

उदयने चहाचा कप खाली ठेवला. अनंत पुढे म्हणाला, "मी पप्पांना स्वतःच सांगणार आहे. फक्त हिंमत होत नाही. तुम्ही त्यासाठी प्रार्थना करा. पर किसी को बोलना मत, हां?"

उदयने छातीवर हात ठेवून वचन दिलं. आणि खरं सांगायचं तर, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं कोणी म्हणू शकलं नसतं. त्याने कोणालाही सांगितलं नाही. कांचनलासुद्धा नाही. त्याने फक्त देवाला सांगितलं. खोलीभर माणसांच्या देखत.

त्याचं असं झालं. दर गुरुवारी संध्याकाळी टाऊनशिपमधल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थनासभा आळीपाळीने कोणाच्या तरी घरी भरे. या गुरुवारी पाळी उदयची होती. पलंग उभा करून भिंतीला टेकवला होता, सतरंजी अंथरली होती, आत कांचनचे पोहे झाकून ठेवले होते. भिंगारदिवे गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसले होते. पेटीवर अनंत होता. आणि दाराजवळ सुमित्रा आजी. आजींची एक सवय होती. कोणीही कोणासाठीही प्रार्थना केली, की आमेन झाल्या झाल्या त्या विचारत, "पण हा कोणाचा कोण म्हणायचा?"

गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि उदयने डोळे मिटले.

"हे स्वर्गीय बापा, आज एका तरुणासाठी तुझ्या चरणाशी येतो. प्रभू, मी त्याचं नाव घेत नाही. ते तुला ठाऊकच आहे."

इथे आमेन म्हटलं असतं तर सोन्याहून पिवळं झालं असतं. पण हे फार मोघम झालं, असं उदयला वाटलं.

"प्रभू, तो इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे."

कोपऱ्यात पेटी एकाएकी कण्हली. अनंतचं मन हेलावलं असणार, असं समजून उदयला जोर चढला.

"त्याने पेपर दिले नाहीत बापा. एकही नाही! पहिल्या पेपरच्या दिवशी तो करोंदला होता, हे तू पाहिलंस. लाल कोटात, प्रभू! त्याच्या खांद्यांवर सोनेरी झालर होती. ज्या हातात ड्रॉइंगची पेन्सिल शोभावी, त्या हातात ट्रम्पेट होतं..."

कांचन खोकली. उदयने लगेच देवाने आजाऱ्यांना स्पर्श करून बरं करावं, ही विनंती मध्येच घालून घेतली आणि तो मूळ मुद्द्यावर परतला.

"त्याचे वडील फोरमन आहेत, बापा. त्यांचा स्वभाव कसा आहे, ते तू जाणतोस. त्यांचं ते दगडासारखं मन मऊ कर..."

या वेळी कांचनने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की "येशूच्या नावाने मागतो" हे शब्द त्याच्या तोंडून किंकाळीसारखे निघाले. लोकांनी आमेन म्हटलं. ते फार बारीक आवाजात म्हटलं. उदयने डोळे उघडले, तर सगळी खोली सतरंजीचे पट्टे मोजत होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

एकट्या भिंगारदिव्यांना काही कळलं नव्हतं. आपल्या पोरावर त्यांचा इतका भरवसा होता, की जगातले सगळे फोरमन त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असतील, पण स्वतःचा चेहरा आला नाही.

"मीही त्या घरासाठी दोन शब्द बोलतो," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू, त्या बापावर दया कर. पोरगं एवढं हाताबाहेर जाईतो बिचाऱ्याला पत्ता नसावा! आणि माझ्या अनंतला तू सरळ वाटेवर ठेवलंस, त्याबद्दल तुझे किती आभार मानू?"

धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं उदयला वाटलं. पण सरकारी क्वार्टरची फरशी. ती कशाला दुभंगते?

आमेन झालं. सुमित्रा आजींनी डोळे पुसले आणि विचारलं, "पण हा मुलगा कोणाचा म्हणायचा?"

उदयने पोह्यांचं काय झालं ते बघायला उठण्याचा प्रयत्न केला, पण कांचनचा हात अजून त्याच्या दंडावर होता.

अनंत उठून उभा राहिला. "माझ्या पप्पांचा, आजी," तो म्हणाला.

भिंगारदिवे ओरडले असते तर परवडलं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहिलं, टोपी घातली, आणि सायकल हातात धरून, तिच्यावर न बसताच ते चालत गेले. पोहे कोणीही खाल्ले नाहीत.

फाटकापाशी उदयने अनंतला गाठलं. "अरे, मी नाव घेतलं नव्हतं..."

"भैया," अनंत म्हणाला, "देवाला सांगायचं तर हळू सांगायचं ना. वो बहरा थोड़ी है."

तो घराच्या दिशेने गेलाच नाही. बँडवाल्यांच्या नेहरू नगरच्या दुकानात तो राहायला गेला, असं दुसऱ्या दिवशी कळलं. त्याची आई जेवत नाही, असंही कळलं.

"वॉर्डात कोणाला काय झालंय, ते मी तुम्हाला कधी सांगितलंय?" कांचनने विचारलं.

"नाही."

"प्रार्थनेत?"

"नाही."

"मग? माझ्या पेशंटांचं देवाला कळतच नसेल?"

उदयला लाज वाटली. अशी, की आरशात बघून भांग पाडवेना. लोकांना आपली चूक सांगताना तो 'उत्साहाच्या भरात झालं' असं म्हणत होता, पण खरं काय ते त्याला ठाऊक होतं. प्रार्थना करताना खोली कशी चिडीचूप झाली, हे त्याने मिटल्या डोळ्यांनी ऐकलं होतं, आणि त्याला ते आवडलं होतं. लाल कोटाची देवाला गरज नव्हती. सोनेरी झालर तर देवासाठी नव्हतीच. ती सतरंजीवरच्या माणसांसाठी होती. एका पोराने विश्वासाने हातात दिलेली गोष्ट त्याने चार माणसांत भाव खायला वापरली होती, आणि वर तिला प्रार्थना म्हटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी बँड कोलार रोडला आहे, असं कळल्यावर तो मोपेड घेऊन माफी मागायला निघाला.

वरात उभी राहत होती. लाल कोट दोन रांगांत जमले होते आणि त्यात अनंत कुठला, ते शोधत उदय घुटमळत होता. तेवढ्यात बँडमास्तर त्याच्यावर खेकसला, "क्यों भाई, अब आ रहे हो? पकड़ो!" आणि काही कळायच्या आत उदयच्या डोक्यावर झुंबरासारखा दिवा आला. दिवेवाला एक माणूस आला नव्हता. सगळे दिवे एकाच वायरने मागच्या जनरेटरच्या गाडीला जोडलेले. एकाने पळ काढला तर अख्खी वरात अंधारात. (एकाची चूक आणि अंधार सगळ्यांना, याचा अनुभव उदयला ताजा होता.) तो मुकाट्याने चालू लागला.

चालता चालता त्याच्या ध्यानात आलं, की आपल्या पुढचा लाल कोट अनंतचाच आहे.

"अनंत!" तो ओरडला. ढोल, ताशे आणि ट्रम्पेटं यांपुढे त्याचं कोण ऐकतो? "अनंत, मला माफ कर!" काही नाही. उदयने सगळा जीव गोळा केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "मी तुझं गुपित फोडलं रे!"

नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं.

वरात थबकली. घोड्यावरच्या नवरदेवाने सेहरा बाजूला सारून पाहिलं. नवरदेवाचे मामा नाचता नाचता थांबले आणि संशयाने जवळ आले. "गुपित मतलब राज़ ना? कौन-सा राज़? लड़के का या लड़की का?"

"कुछ नहीं, मामाजी," अनंत म्हणाला. "हमारे भैया हैं. इनको धीरे बोलना आता नहीं."

लोक हसले, बँड पुन्हा वाजू लागला. पण अनंतचा पहिलाच सूर चिरकला. उदयने त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. पानाच्या टपरीला सायकल टेकवून भिंगारदिवे उभे होते.

मांडवाच्या दाराशी वरात थांबेपर्यंत ते रस्त्याच्या कडेने चालत राहिले. मग जवळ आले. मुलासमोर उभं राहून त्यांनी त्याच्या खांद्यावरची गुंतलेली झालर बोटांनी सोडवली.

"दुसऱ्या गाण्यात दम कमी पडला," ते म्हणाले. "श्वास पोटातून घ्यायचा. नगरच्या चर्चच्या बँडात मला काय शिकवलं होतं आणि मी तुला काय शिकवलं?"

"हो, पप्पा."

"मला तू सांगायला पाहिजे होतंस. दुसऱ्याने नव्हे." त्यांनी झालरीवरून एकदा हात फिरवला. "पेपर आधी द्यायचे. मग काय वाजवायचं ते वाजव. आता घरी चल, मम्मी वाट बघतेय."

अनंतने मान हलवली आणि बाही डोळ्यांना लावली. उदयलाही डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात दिव्याला होते.

"भिंगारदिवेसाहेब, माझं फार चुकलं," तो म्हणाला. या वेळी हळू.

भिंगारदिव्यांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "दिवा सरळ धरा, उदय ब्रदर," ते म्हणाले. "गुरुवारी तुमच्यासाठी प्रार्थना करतो."

गुरुवारी सभा भिंगारदिव्यांच्या घरी होती. पेटीवर अनंत होता. त्याने उदयला कोपऱ्यातून बारीकसा सलाम केला, आणि उदयला वाटलं, चला, सुटलो. मग भिंगारदिव्यांनी डोळे मिटले.

"हे प्रभू, आज तुझ्या एका सेवकाला तुझ्या हाती देतो. मी त्याचं नाव घेत नाही."

कांचनने ओठ घट्ट मिटले.

"तो मोपेडवरून फिरतो, बापा. बायकोच्या क्वार्टरमध्ये राहतो. पाटीवर त्याचं नाव नाही. परवा कोलार रोडला डोक्यावर दिवा घेऊन परक्या वरातीत ओरडताना तू त्याला पाहिलंस. प्रभू, त्याचं मन चांगलं आहे. त्याच्या तोंडावर तेवढा पहारा ठेव."

"आमेन!" सगळी खोली गर्जली. सर्वांत मोठा आवाज कांचनचा होता.

सुमित्रा आजींनी डोळे पुसले. "पण हा सेवक कुठला म्हणायचा?"

उदयने एकदा अनंतकडे पाहिलं. मग तो उठून उभा राहिला. "इथलाच, आजी. तो मीच."



"अगं बाई, तू सेवक आहेस होय?" आजी म्हणाल्या. "दिवसभर मोपेडवर हिंडताना दिसतोस, मला वाटलं काम नाही पोराला. मी रोज तुला नोकरी लागावी म्हणून प्रार्थना करते रे. चांगलं नाव घेऊन!"