अडकलेल्या सुईचे डॉक्टर

"गप्प बसायचं, एवढंच ना? अगं, उभी हयात ड्रायव्हरच्या सीटवर काढली मी! बसायचं कसं, ते तू मला शिकवतेस?"

फिनिअस मापोन्यांनी हे फोनवर इतक्या ऐटीत सांगितलं, की पलीकडे त्यांच्या लेकीनं, दिनेओनं, कपाळाला हात लावला असणार.

दिनेओ ड्रम वाजवते. तिच्या तिघांच्या बँडचं जोहान्सबर्गच्या क्लबांमधून बरंच नाव झालंय. ते जॅझ वाजवतात, पण त्यात विजेची वाद्यं, चर्चची गाणी, लग्नातले ठेके असं सगळं घालून. फिनिअस त्याला 'एका पातेल्यातला स्वयंपाक' म्हणायचे. म्हणायचे खरे, पण चाखला मात्र कधीच नव्हता, कारण लेकीनं जेवायलाच बोलावलं नव्हतं! का, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. शाळेत ती पहिल्यांदा स्टेजवर चढली, तेव्हा हे खुर्चीवर चढले होते. शिट्ट्या मारत, हॅट फिरवत! पोरगी वाजवायचं सोडून रडायला लागली होती.

इतक्या वर्षांनी आज बोलावणं आलं होतं. या वेळीही शोभा झाली, तर पुन्हा येणार नव्हतं.

"पापा, तिथं लोक बसून ऐकतात. नाच नाही, शिट्ट्या नाहीत. आणि एलियासकाकांना आणणार असाल, तर तो बर्फाचा डबा नको."

"कुठला डबा?"

"पापा!"

"बरं बाई, नाही आणत!"

आता यात फिनिअसचा तरी काय दोष? आमच्या मामेलोडी वस्तीत जॅझ म्हणजे रविवारची दुपार आणि फिनिअसच्या दोस्ताचं, एलियास माबेनाचं गॅरेज. दुरंगी बूट, कडक इस्त्रीचा सूट, हातात रुमाल. रेकॉर्ड लागली, की ज्याच्या अंगात येईल त्यानं मध्ये यावं आणि एकट्यानं नाचावं. पण एवढी वजनदार मंडळी नाचायला लागली, की जमीन हादरते, सुई अडकते आणि सॅक्सोफोनवाला तेच तेच बोलायला लागतो. अशा वेळी उठायचा मान फिनिअसचा! यंत्राच्या डाव्या अंगाला दोन बोटांनी टकटक. तेवढ्यानं नाही भागलं, तर तळव्याची एक सणसणीत थाप. सुई निमूट पुढं जाते! मंडळात त्यांना 'डॉक्टर' म्हणतात ते यासाठीच. सुई अडकलेली दिसूनही जो बसून राहील, तो आमच्याकडे माणसात मोडत नाही.

तर रविवारी दुपारी हे डॉक्टर आणि एलियास क्लबच्या दारात हजर झाले. एलियासच्या एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात बर्फाचा डबा!

"काका, आत खुर्च्या आहेत," दारावरची मुलगी म्हणाली.

"असतील गं. पण माझ्या बुडाला ही सवयीची आहे."

"आणि या डब्यात?"

"आल्याचं सरबत आणि कोंबडीचे पाय. सगळ्यांना पुरतील. तू पण घे!"

मुलगी गोड हसली आणि तिनं दोन्ही वस्तू काढून घेतल्या. फिनिअसनी सुटकेचा निःश्वास सोडला. पहिलं गंडांतर टळलं होतं.

जागा मिळाली ती अगदी स्टेजला लागून. दिनेओ येऊन ड्रममागं बसली. बापाकडे बघून तिनं भुवई उंचावली. फिनिअसनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवल्याचं तिला दाखवलं. ती हसली, आणि वाजवायला लागली.

काय वाजवत होती पोरगी! लिंडानी बास गिटारवर होता, ओफेंत्से कीबोर्डवर, पण फिनिअसना दिसत होते ते फक्त तिचे हात. त्यांचे पाय टेबलाखाली वळवळत होते. तरी बसले! शिट्टी ओठांवर आली, ती त्यांनी बिअरसोबत गिळली. एक गाणं झालं, दुसरं झालं. लोक सभ्यपणे टाळ्या वाजवत होते. एलियास कुजबुजला, "इथं कुणी वारलंय का रे?"

"गप्प बस. माझ्या लेकीच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

तिसऱ्या गाण्याला मात्र घात झाला. ओफेंत्सेनं कीबोर्डवर एक छोटीशी लकेर वाजवली आणि शेजारच्या विजेच्या छोट्या पेटीचं बटण दाबलं. ती पेटी तीच लकेर पुन्हा वाजवू लागली. पुन्हा. पुन्हा! आणि दरवेळी शेवटी अर्धी मात्रा अडखळून!

फिनिअसचे कान टवकारले.

"डॉक्टर," एलियास म्हणाला, "अडकली."

"मलाही तसंच वाटतंय."

"वाटतंय काय? धडधडीत अडकली आहे!"

फिनिअसनी आजूबाजूला पाहिलं. कुणी हलायला तयार नाही! सगळे माना डोलावत होते. लेकीचा कार्यक्रम, यंत्र बिघडलेलं, आणि भिडेपोटी सांगणारा एक नाही.

"पण मी बसायचं कबूल केलंय," ते कळवळून म्हणाले.

"लेकीची लाज चाललीय, आणि तू कबुल्या कसल्या धरून बसलास!"

झालं! जित्याची खोड ती. फिनिअस उठले, कुणाला दिसू नये म्हणून कंबरेत वाकले, आणि त्यामुळे सगळ्यांनाच दिसले. तसेच ते स्टेजवर चढले. पेटीच्या डाव्या अंगाला दोन बोटांनी टकटक केली. ओफेंत्से डोळे मिटून वाजवत होता. पेटी ऐकेना. मग डॉक्टरांनी दुसरा उपाय केला. तळव्याची थाप!

पेटी टेबलावरून उडाली, वायरला लोंबकळली, आणि खालचा प्लगांचा बोर्डच ओढून गेली. कीबोर्ड मुका, बास गिटार मुकी. ओफेंत्सेनं डोळे उघडले, तर समोर हॅटवाला म्हातारा!

ड्रमला वीज लागत नाही. तेवढे चालू होते.

"पापा! काय करताय?"

"बाळा," बाकी सगळं बंद पडल्यामुळे फिनिअसचा आवाज पार दारापर्यंत गेला, "सुई अडकली होती गं."

सगळा क्लब खो-खो हसला. फिनिअसना धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. इतक्या वर्षांनी बोलावलं पोरीनं, आणि आपण काय केलं? ते हॅट छातीशी धरून खाली उतरायला वळले.

"थांबा ना, पापा." दिनेओचे हात चालूच होते. तोच ठेका, शेवटी अर्धी मात्रा अडखळणारा. "सुई नाही अडकली. ते तुम्ही आहात."

"मी?"

"लहानपणी गॅरेजात टेबलाखाली बसून मी तुमचेच बूट बघायचे. क्लच दाबून दाबून तुमचा डावा गुडघा गेलाय. नाचताना शेवटचं पाऊल तुमचं नेहमी अर्धी मात्रा उशिरा पडतं. तेच बसवलंय आम्ही. म्हणून तर आज बोलावलं." ती खाली बघत म्हणाली, "आता उठलाच आहात, तर नाचा."

फिनिअसनी रुमाल काढला, आधी डोळ्यांना लावला, आणि नाचायला लागले.

गॅरेजातली प्रत्येक रेकॉर्ड त्यांच्या पुढं अर्धं पाऊल पळायची, आणि ते हसत हसत तिला गाठायचे. हा ठेका पळाला नाही. ड्रम त्यांच्या गुडघ्यासाठी थांबत होते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासाठी थांबून वाजवत होतं, आणि ती त्यांची लेक होती. एलियासनं शिट्टी मारली. दारावरच्या मुलीनं दुसरी मारली. मग कुणीच खुर्चीवर राहिलं नाही. बिचारा ओफेंत्से तेवढा टेबलाखाली रांगत प्लग शोधत होता!

कार्यक्रम संपल्यावर दिनेओ घाम पुसत टेबलापाशी आली. फिनिअसनी मान खाली घातली.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "तुमची खुर्ची पार मागच्या भिंतीला लावणार आहे मी. समोर खांब असेल. आसपास एकही वायर नसेल. आणि एलियासकाकांनी तुमचा कोट धरून बसायचं. कळलं?"

फिनिअसचा चेहरा असा फुलला, की एलियासला वाटलं याला ऐकू आलेलं दिसत नाही.

"अरे लेका, खांबामागं बसवणार म्हणतेय ती तुला! दिसणार काय तिथून? डोंबल?"

"ते जाऊ दे," फिनिअस म्हणाले. "'पुढच्या वेळी' म्हणाली. तू ऐकलंस ना?"