भागोजींची झोपलेली दाढ

"म्हातारपण मनाचं असतं, देहाचं नसतं," असे भागोजींनी मांडवीच्या कट्ट्यावर जाहीर केले. मंडळींना फक्त वारा ऐकू आला, कारण भागोजींच्या तोंडात एकही दात उरला नव्हता.

वाडीच्या देवासमोर साऱ्यांच्या वतीने मागणे मागण्याचा, म्हणजे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. शिमगा जवळ आलेला. असले बोळके गाऱ्हाणे कोण ऐकून घेणार, मान चुलतभाऊ दादूकडे जाणार, या धास्तीने ते कवळी करायला डॉक्टर मृणालीकडे गेले. तिने आधी जबड्याचा फोटो काढला. हाडात एक अक्कलदाढ आडवी झोपली होती. बाकी सगळे दात आले आणि गेले. जी आलीच नव्हती, ती तेवढी शिल्लक होती. भागोजींनी लगेच घरी फोन करून 'एक दाढ आत अडकलीय' एवढे कळवले आणि डॉक्टरला म्हणाले, "काढा मग."

"आजोबा, न उगवलेल्या दाढेभोवती मऊ पिशवी असते. तरुणपणी तिच्यातल्या पेशींना रक्त भरपूर, काम भरपूर. वय झालं की त्या खातात कमी आणि झिजलेलं भरून काढतात त्याहून कमी. पिशवी चिवट होते, कधी दाढच हाडाला चिकटते. आता उकरली तर जखम लवकर भरायची नाही. दुखत नाही ना? झोपू द्या. फक्त वर यायला नको, नाहीतर कवळी बसणार नाही."

भागोजींना पटले. हल्ली त्यांचे उरलेले शरीरही याच धोरणाने चालत होते.

घरी आले तर बायको बकुळाबाई देवळातून परतलेल्या. फोनवरच्या बातमीवरून त्यांनी नारळ दिला होता, मानकरी दवाखान्यात म्हणून दादूने खणखणीत गाऱ्हाणे घातले होते की अडकलेली दाढ सुखरूप वर येऊ दे, आणि जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हटले होते.

"अगो, ती वर येता नये," भागोजी म्हणाले.

"मग अगोदर सांगायचात. देवाला काय नंबर चुकला म्हणून सांगू?"

घातलेले गाऱ्हाणे फिरवायचे तर ते मानकऱ्यानेच, असा वाडीचा रिवाज. संध्याकाळी भागोजी तसेच बोळक्या तोंडाने देवासमोर उभे राहिले. पिशवी, पेशी, रक्त, हाड, सगळे त्यांनी देवाला सविस्तर समजावले. एक अक्षर कुणाला कळले नाही. ते दम खायला थांबले की मंडळी 'व्हय महाराजा' म्हणत होती.

शेवटी देवळाच्या पायरीवर ते दादूला म्हणाले, "मान तूच घे. माझं कुणाला काय कळत नाय."

दादू त्यांच्या शेजारी टेकला. "दात होते तेव्हा तरी कुठं कळत होतं? तू थांबलास की आम्ही व्हय म्हणतो. तुझ्या बापसाच्या वक्ताला पण तसंच. मान ठेव तुझ्याकडंच."

भागोजींना यावर आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावे, ते ठरवता येईना.

"फक्त शिमग्याला जरा थोडक्यात आटप," दादू गुडघा चोळत म्हणाला. "उभं राहवत नाय आताशा."