जनरलची काळी चौकट

मांजराला इंजेक्शन देणं म्हणजे काय मोठं शास्त्र आहे? तीस वर्षं मी आमच्या लोम गावातल्या लिफ्ट दुरुस्त केल्यात. अडकलेल्या लिफ्टमधून एका नगरसेवकाला कॉलर धरून वर ओढलंय! त्यामुळे जनावरांच्या डॉक्टर मिल्काना जेव्हा म्हणाल्या, "वेलिझारकाका, तुमच्या बोक्याला मधुमेह झालाय. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, इन्सुलिन. जमेल ना?" तेव्हा मी नुसता हसलो. तुच्छतेनं हसलो.

पहिलं इंजेक्शन माझ्या अंगठ्यात गेलं. दुसरं सोफ्यात. तिसरं मात्र जनरलला! सोफ्याची तब्येत आजही ठणठणीत आहे.

जनरल म्हणजे माझा बोका. साडेसात किलो. बायको गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलणारा एकटाच, आणि तोही शिव्याच देतो. त्याला मी मरू देणार नव्हतो. घरातली साखर फेकली. मध फेकला. बायकोच्या हातचा गुलाबाचा मुरंबा होता, तो फेकताना मात्र तोंड फिरवलं. जनरलचं खाणं तराजूवर तोलून देऊ लागलो.

तरी साखर चढतच होती! कानाला बारीक सुई टोचून रोज मोजायचो. आकडा पाहून मलाच घाम.

"बाहेर काही खातो का हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! ग्रॅम न् ग्रॅम माझ्या हातून जातो!"

त्यांनी डोस वाढवला. दहा दिवसांनी पुन्हा वाढवला.

मग एके दिवशी जनरल फिरायला निघाला, तसा मी चपला हातात घेऊन त्याच्या मागे जिना उतरलो. काय पाहिलं! दुसऱ्या मजल्यावर बशी: पाव कुस्करून घातलेले खिमागोळे. पहिल्या मजल्यावर बशी: बानित्सा, चीज भरलेली खुसखुशीत पोळी, गरम! तळमजल्यावर गेर्गिनाकाकूंच्या दाराशी दुधात बुडवलेली बिस्किटं. हा गडी घरी येऊन माझे तोललेले घास उपाशी कैद्यासारखा खायचा!

डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ग्रॅम न् ग्रॅम म्हणालो होतो ना! आता कुठल्या तोंडानं सांगू?

त्याऐवजी मी पेटलो. तडक इस्क्रेनच्या छापखान्यात गेलो.

"मोठा फोटो टाक. जिन्यातून जाणाऱ्या आंधळ्यालाही दिसला पाहिजे."

"काळी चौकट टाकू? उठून दिसेल."

"टाक! जाड टाक!"

मजकूर माझा. शिकवायला मला कोणी नव्हतं, पण लेखणीला धार आहे. "आमचा लाडका जनरल. त्याला आता तुमच्या अन्नाची गरज नाही. दाराशी बशा ठेवू नयेत." खाली बारीक अक्षरात मधुमेहावर बारा ओळी.

आता तुम्ही म्हणाल, लेका, गावातल्या निम्म्या मेलेल्यांचे कागद हाच इस्क्रेन छापतो, असाच फोटो, अशीच चौकट; ते आपल्या दारादारावर, खांबाखांबावर चिकटलेले असतात, आणि तुझ्या डोक्यात उजेड पडला नाही? नाही पडला! चिडलेल्या माणसाला चौकट दिसत नाही, स्वतःचा मजकूर दिसतो. आणि इथे चौकट पाहिल्यावर पुढचं कोणी वाचत नाही. घरी जाऊन मयताच्या प्रसादाचे गहू भिजत घालतात.

कागद लागला आणि बशा गायब! साहित्याची ताकद पाहा, म्हणून मी छाती फुगवून हिंडलो. डोस मात्र तोच. तीन बशांना पुरेल असा, वाढवलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जनरल लग्नातल्या दारुड्यासारखा झुलत स्वयंपाकघरात आला. भिंतीला धडकला. आडवा झाला. डोळे उघडे, पण त्यात तो नव्हता.

मी दवाखान्यात फोन लावला.

"खाणं कमी झालंय का?" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"शेजारचं... बंद केलं."

"शेजारचं? आणि डोस तोच? काका! आधी हिरड्यांना साखर चोळा, मग उचलून इकडे आणा! पळा!"

साखर! कपाटं उघडली. डबे उलटे केले. एक कण नाही! मीच फेकलेली. त्या क्षणी माझ्याइतका शिस्तीचा गाढव उभ्या गावात नव्हता.

बेल वाजली.

दारात गेर्गिनाकाकू. काळा रुमाल, हातात चार कार्नेशनची फुलं. सम संख्या, म्हणजे मेलेल्याची. दुसऱ्या हातात वाडगा: उकडलेले गहू आणि वर बोटभर पिठीसाखर!

"सुटला रे बिचारा," त्या हुंदका देत म्हणाल्या. "देव त्याला..."

मी वाडगा हिसकावला.

"अरे मेल्या, आधी मेणबत्ती तरी लावू दे!"

पिठीसाखर ओरबाडली, थुंकी लावली, जनरलच्या हिरड्यांना चोळली. पुन्हा चोळली. काकू मागून वाकून बघत होत्या. मयत कोपऱ्यात पडलंय आणि त्याचा मालक त्याला प्रसाद भरवतोय, असं दृश्य.

"जनरल," मी म्हणालो, "दे ना रे एक शिवी."

त्याची जीभ हलली. मग दात हलले. माझ्या बोटाचा कडकडून चावा घेतला! इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

काकूंनी तीनदा छातीवर क्रुसाची खूण केली आणि खुर्चीत कोसळल्या. मग उठून स्वतःच त्याला शालीत गुंडाळून दवाखान्यात धावल्या. मी मागे, एका पायात चप्पल.

जनरल वाचला. डोस अर्ध्यावर आला. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. मला नाही, काकूंना.

आता दोन्ही वेळा काकूच वर येऊन सुई टोचतात. जनरल त्यांच्या मांडीवर हूं की चूं करत नाही, हरामखोर!

परवा खाली दाराला नवा कागद दिसला. काकूंनी इस्क्रेनकडून करून घेतलेला. मजकूर: "यांना जनरलच्या खाण्यापिण्यात, औषधात हात घालू देऊ नये." वर माझा मोठा फोटो. चौकट तीच, जाड.

आज सकाळी माझ्या दाराशी फुलं ठेवलेली होती. मी मोजली. मग बसून पुन्हा मोजली.

सहा.