गोदाऊसाहेबांच्या आंदणगाडीत घोडे किती, याची बखर

श्री इष्टदेवता प्रसन्न. ज्याच्या कृपेने किल्ली फिरविताच यंत्र जागे होते आणि ज्याची मर्जी फिरली असता भर चढणीवर धूर निघतो, त्या देवास साष्टांग नमन करून, आणि सरकारांस वाचनाची आवड नाही या भरवशावर, ही हकीकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मास. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लेखकास अजून तेथेच राहावयाचे आहे. गादीवर श्रीमंत सर्जेराजे सरकार विराजमान, प्रजा सुखी, पाऊस माफक, आणि सरकारांची ख्याती ऐसी की अंदाज सांगावा तर त्यांनीच. फणस फोडण्याआधी गरे किती, हत्तीचे वजन किती, विहीर किती खोल, जे विचारावे त्यात सरकारांचाच आकडा खऱ्याच्या सर्वांत जवळ निघे, आणि मग नगारा वाजे आणि पेढे वाटले जात. याचे मर्म ऐसे की दरबारी रिवाजाप्रमाणे पहिला आकडा सरकारांनी बोलावा, मग मानाप्रमाणे एकेकाने बोलावे, आणि प्रत्येकाने आपल्याआधीच्याहून थोडे तरी वर बोलावे. खाली बोलणे म्हणजे सरकारांस खाली पाहावयास लावणे, आणि तैसे करणारास दुसरे दिवशी वेशीबाहेर बिऱ्हाड शोधावे लागे. सरकारांस लहान आकडा शोभत नसे, म्हणून ते फणसात चारशे गरे म्हणत, दिवाण चारशे एक म्हणत, आणि चढत चढत कारकुनांपर्यंत आकडा पाचशेच्या वर जाई. फणसात निघत नव्वद. मग नव्वदाच्या सर्वांत जवळ चारशेच, हे पोरासही कळावे. सरकारांस मात्र हा आपणांस देवाने दिलेला गुण वाटे, आणि त्यांस समजावणार कोण?

आता गाडीचे वर्तमान. राणीसाहेब गोदाऊ या घाटमाथ्यावरच्या एका लहान संस्थानातल्या, आणि त्यांच्या लग्नात वडिलांनी आंदण म्हणून लाल रंगाची स्पोर्ट्स गाडी दिली होती. आत बसावयास दोघांचीच जागा, बूड जमिनीस टेकेल इतकी ठेंगणी, आणि चढणीवर तर ऐसी पळे की मागे उडालेली धूळही तिला गाठू शकू नये. वडिलांना शेजारी बसवून गोदाऊंनी ती घाटात चालविली होती आणि तिची एकूण एक कुरकुर त्यांस ठाऊक होती. परंतु गाडी राजवाड्यात आली त्याच दिवशी सरकारांनी चावी आपल्या शेल्यास बांधली ती बांधलीच. मग वर्षे गेली, वडीलही वारले, आणि बाईसाहेब गच्चीवर उभ्या राहून आपली गाडी दुसऱ्याच्या हाती जाताना पाहात. सरकारांचे चालविणे ऐसे की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालावी, पाय तळापर्यंत दाबावा आणि तेथेच ठेवावा. गेल्या वर्षीच्या वैशाखात देवीच्या चढणीवर गाडी ऐसीच दाबली असता तेलाचा तांबडा दिवा लागला, तो सरकारांस शोभेचा वाटला, आणि त्यांनी शेजारी बसलेल्या भालदारास तो कौतुकाने दाखविलाही. मग आतून लोखंडाची किंकाळी आली, इंजिन जाम जाहले, आणि गाडी बैलांनी ओढून आणिली. दरबारात खल होऊन ठरले की दोष चढणीचा, आणि चढण खणून सपाट करण्याचा हुकूम सुटला.

इंजिन नव्याने बांधावयास हैबतराव पांचाळ यांस बोलाविले. हा माणूस हाताचा पक्का आणि तोंडाचा त्याहून पक्का. त्याने कारखान्यात ठाण मांडले आणि क्रँक घासला, बोअर वाढविला, नवे पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या, आणि जुन्या टर्बोच्या जागी भला थोरला टर्बो बसविला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास थांबवून सांगे की, "ऐसं इंजिन तुमच्या सात पिढ्यांनी पाह्यलं नसंल. पाचशे घोडे हायेत यात." एके दिवशी पागेचे सरदार मानाजी काठे तेथे आले. त्यांनी जन्मभर खरे घोडे राखिलेले, आणि इंजिनात घोडे असतात हे कानी आल्यापासून त्यांस झोप नव्हती. त्यांनी विचारिले, "टर्बो म्हंजे काय?" हैबतराव म्हणाला, "सरदार, वाया जाणाऱ्या धुरानं एक पातं फिरतं, आन् ते पातं इंजिनाच्या नरड्यात हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त जाळ, जास्त घोडे." "आन् त्यांची वैरण?" "पेट्रोलच्या टाकीत." "मग लीद?" हैबतरावाने धुरांड्याकडे बोट दाखविले आणि मानाजींचे समाधान जाहले.

मग ज्या दिवशी इंजिन प्रथम सुरू जाहले, त्या दिवशी तो आवाज गच्चीवर गेला आणि गोदाऊंच्या डोळ्यांस पाणी आले, आणि त्या तडक दरबारात पडद्यामागे येऊन म्हणाल्या, "सरकार, गाडी माझ्या माहेरची आहे. एकदा तरी मला चालवू द्या." भरल्या दरबारी नाही म्हणावे तर मन कोते दिसते, होय म्हणावे तर चावी जाते, ऐसे संकट सरकारांपुढे पडिले. तेव्हा त्यांस आपला देवदत्त गुण आठवला आणि ते हसून वदले, "राणीसाहेब, रिवाजाने चालू. या नव्या इंजिनात किती हॉर्सपॉवर, हे जो सर्वांत जवळ सांगेल त्याची चावी, आणि ती कायमची. हा आमचा शब्द." दरबार वाहवा म्हणाला. गोदाऊंनी मुजरा केला आणि काही न बोलता गेल्या, आणि त्या ऐशा मुकाट गेल्या तेव्हाच दिवाण नारो त्रिमल यांनी सावध व्हावयाचे होते, परंतु त्या दिवशी दिवाणांस पडसे होते.

बाईसाहेबांनी पडद्याआडून फणस, हत्ती आणि विहिरी वर्षानुवर्षे पाहिलेल्या. रिवाजात सर्वांच्या शेवटी बोलावयाचे ते पडद्याने, म्हणजे सर्वांत मोठा आकडा त्यांचाच, आणि म्हणून त्या आजवर प्रत्येक वेळी हरल्या. त्यांनी मनाशी जोखिले की सरकार एकदाच लहान आकडा बोलले तर शेवटची जागा जिंकते. मग त्यांनी हैबतरावास बोलावून विचारिले, "नवं इंजिन रनिंगमध्ये, म्हणजे अजून मुरत असताना, किती दाबायचं?" तो म्हणाला, "फेऱ्यांचा काटा तीन हजाराच्या वर न्यायचा न्हाई, बाईसाहेब, न्हाईतर रिंगा बसत न्हाईत. पण सरकारांना सांगणार कोण? पाय तळाला टेकल्याबिगर त्यांना गाडी चालवल्यासारखं वाटत न्हाई." "आणि तुमचा टर्बो जागा कधी होतो?" "साडेतीन हजाराला. थोरला हाय ना, त्याआधी घोरत पडतो. पर एकदा का उठला..." "असू द्या. सरकारांना मी सांगते." आणि त्या रात्री ताटावर वाढता वाढता त्यांनी सरकारांस खरे तेच सांगितले, की उद्या फेरी घ्याल तेव्हा काटा तीन हजाराखाली ठेवा, इंजिन नवे आहे. सरकार म्हणाले, "आम्हांस शिकवता?" त्या म्हणाल्या, "पुन्हा जाम झालं तर या वेळी दोष कोणाला द्यायचा? चढण तर आता उरली नाही." आणि सरकारांनी जन्मात प्रथमच कोणाचा सल्ला मानला.

दुसरे दिवशी कवायतीच्या मैदानात खासा स्वारी गाडीत बसली. काटा तीन हजाराखाली, टर्बो घोरत पडलेला, आणि गाडी ऐसी चालली की गोल्फ खेळावयास निघालेले म्हातारे बरे. सायकलवरून टपालवाला पुढे निघून गेला, आणि जाता जाता त्याने मुजराही केला, तो सरकारांस फार लागला. स्वारी दरबारात परतली ती लालबुंद, आणि बसण्याआधीच गर्जली, "हैबतराव, गाडी बांधली की म्हातारीची डोली? दीडशे! दीडशेवर एक घोडा निघाला तर आमचे नाव बदला!" दरबारास वाटले ऐकण्यात चूक जाहली, कारण सरकारांनी इतका लहान आकडा कधी लहानपणीही उच्चारिला नव्हता. दिवाण नारो त्रिमल हे या सर्व विजयांचे खरे कारभारी, त्यांच्या ध्यानी धोका तात्काळ आला आणि पडसे पळाले. ते पुढे होऊन म्हणाले, "सरकार, थोडा विचार व्हावा. हुजुरांच्या थोरवीस साजेल ऐसा आकडा..." सरकार ओरडले, "गाडी चालविली कोणी? तुम्ही?" दिवाणांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "एकशे एक्कावन." मानाजी काठे म्हणाले, "एकशे पंचावन, पर त्यात माद्या किती ते मोजताना कळावं." मग हैबतरावाची पाळी आली. ज्याने गावभर पाचशेचा डंका पिटला होता, त्याने सरकारांच्या मिशा थरथरताना पाहिल्या आणि मान खाली घालून पुटपुटला, "एकशे साठ." पडद्याआडून आवाज आला, "हैबतराव, स्वतःच्या हातचं काम आणि एकशे साठ? लाज वाटते का?" हैबतरावास वाटली, परंतु वेशीबाहेरचे बिऱ्हाड त्याहून मोठे वाटले. मग गोदाऊ म्हणाल्या, "माझे तीनशे ऐंशी." सरकार खो खो हसले आणि म्हणाले, "राणीसाहेब, माहेरच्या मायेने बोलता." त्या म्हणाल्या, "माहेरची आहे म्हणूनच ओळखते." आणि बोली संपल्याचा नगारा वाजला.

मग महिनाभर हैबतरावाने सरकारांचा शेला चावीसकट मागून आणून गाडी हळूहळू फिरवून रनिंग पुरे केले, आणि परमुलखातून डायनो नामे यंत्र आणविले. हे यंत्र ऐसे की गाडी पट्ट्यांनी बांधून तिची मागची चाके रुळांवर ठेवावी, मग चाके जीव तोडून धावतात आणि गाडी तसूभर हलत नाही, आणि जोर किती तो फळीवर आकड्यांत उमटतो. दरबाराचे कामही ऐसेच चालत असल्याने कोणास नवल वाटले नाही. सर्व मंडळी मानाप्रमाणे उभी राहिली, सरकार सर्वांत पुढे, पडदा सर्वांत मागे. हैबतरावाने पेडल दाबिले. काटा दोन हजार जाहला, तीन हजार जाहला, फळीवर आकडा शंभराच्या पुढे रेंगाळला, आणि सरकार मागे वळून म्हणाले, "पाहा, येऊन जाऊन तेवढेच." पडद्यामागे गोदाऊंनी डोळे मिटले, कारण त्यांचाही धीर तेव्हा सुटला होता. इतक्यात टर्बो जागा जाहला. शिट्टी आली, मग गडगडाट आला, राजवाड्याचे मोर झाडांवर चढले, दिवाणांची पगडी उडून डबक्यात पडली, आणि मानाजींनी दोन्ही हात पसरून आरोळी ठोकली, "सुटले! घोडे सुटले!" आणि गर्दीत शिरून ते खरेच लगामासाठी हातांनी चाचपू लागले. मग हैबतरावाने पाय काढिला आणि सर्वत्र शांत जाहले, आणि फळीवर लिहिलेले होते तीनशे सत्त्याऐंशी.

सरकारांनी फळीकडे पाहिले, मग दिवाणांकडे पाहिले, आणि हळू आवाजात विचारिले, "आमचा अंदाज चुकला कसा?" तेव्हा गोदाऊ पडदा सारून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सरकार, तुमच्याखाली बोलायची आजवर कोणाची छाती झाली नाही, म्हणून तुम्ही जिंकत होता. या वेळी तुम्ही खाली बोललात." सरकारांनी बोटांवर मागचे विजय मोजले. मग म्हणाले, "म्हणजे फणसाचे गरे?" दिवाणांनी जोड्यांकडे पाहिले. "हत्ती?" दिवाणांनी अधिकच निरखून पाहिले. "बरे. गाडी तरी आम्ही चांगली चालवितो ना?" सारा दरबार आपापले जोडे पाहू लागला, आणि गोदाऊ म्हणाल्या, "नाही. इंजिन कोणी जाळलं?" सरकारांचे तोंड उतरले, आणि लिहिणारास, जो त्यांच्या फार प्रेमातला नाही, त्यासही त्या घटकेस वाईट वाटले. परंतु शब्दाचा माणूस तो. शेल्याची गाठ कित्येक वर्षांची, ती सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी सोडविली आणि चावी बाईसाहेबांच्या हातावर ठेविली.

मग गोदाऊंनी पदर खोचला आणि गाडीत बसल्या, आणि त्या बसल्या ते पाहून मानाजी म्हणाले, "मांड हाय." पहिला गिअर, दुसरा, तिसरा, प्रत्येक आपल्या वेळेस, आणि गाडी फाटकातून निघाली ती हां हां म्हणता घाटाकडे दिसेनाशी जाहली, आणि शिट्टी तेवढी मागे ऐकू येत राहिली. हैबतराव सर्वांस सांगू लागला की आपण मनात चारशे म्हटले होते. दिवसभर गाडी आली नाही. तिन्हीसांजेस ती फाटकाशी लागली तेव्हा बाईसाहेबांच्या केसांत धूळ होती आणि चेहरा ऐसा उजळला होता की दासींनी त्यांस चटकन ओळखिले नाही. फाटकात सरकार एकटेच उभे होते, ना भालदार ना छत्र. ते बहुत वेळ शब्द जुळवीत राहिले, कारण त्या घराण्यात हुकूम करण्याची सवय होती आणि दुसऱ्या कशाची नव्हती. शेवटी म्हणाले, "उद्या एक फेरी... आम्हांस द्याल का?" गोदाऊंनी चावी पदरास बांधली आणि म्हणाल्या, "विचार करून सांगते." आणि आत गेल्या.

ऐसे घोडे मोजले गेले, ऐसी चावी फिरली, पाहिले तितके लिहिले. दरबारात आता पहिला आकडा कोणी बोलावा याचा निकाल लागलेला नाही, म्हणून यंदा फणस कोणी न मोजताच खाल्ला, आणि तो गोड निघाला. हे लिहीतोपर्यंत सरकारांस उत्तर आलेले नाही. लेखनसीमा.